तेहतीस सालचा गाळ

सूड घ्यायला आसामात जायचं असेल तर फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उत्तम.

मे ते ऑक्टोबर कहुवाचर राष्ट्रीय उद्यान बंद असतं, कारण त्यातला निम्म्याहून जास्त भाग ब्रह्मपुत्रेच्या पुराखाली असतो. नोव्हेंबरात ते उघडतं, पण तेव्हा गवत दोन पुरुष उंच; दहा पावलांवर गेंडा उभा असला तरी फक्त त्याचा श्वास ऐकू येतो. जानेवारीत वनखातं ते गवत ठरवून जाळतं, काळ्या जमिनीतून हिरवे कोंब येतात आणि ते खायला सगळी जनावरं उघड्यावर येतात. उद्यान चिमुकलं, जेमतेम ऐंशी चौरस किलोमीटर. गुवाहाटीहून गाडीने चार तास. कपडे मातकट रंगाचे, अत्तर नको, दुर्बीण स्वतःची आणा. आणि गाडीतून उतरायचं नाही. हा शेवटचा नियम मी माहितीपत्रकात जाड अक्षरात छापते.

मी हेमांगी ओझरकर. सांगलीत ‘चौखूर’ नावाची वन्यजीव सहलींची संस्था चालवते. ती माझ्या नवऱ्याने, निनादने, उन्मेष गुळवणी या मित्राबरोबर सुरू केली होती. २०३३च्या बारा फेब्रुवारीला सकाळी पावणेआठ वाजता कहुवाचरमध्ये निनादला गेंड्याच्या मादीने मारलं. त्यानंतर उन्मेष संस्थेतून बाहेर पडला आणि व्याख्याता झाला.

त्या व्याख्यानांबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी वाईट बाई वाटेन. वाटले तरी हरकत नाही, पण कारण कळलेलं बरं. ‘जंगल क्षमा करत नाही’ हे व्याख्यान उन्मेषने नऊ वर्षांत साडेतीनशे वेळा दिलं. शाळा, वाचनालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, गणपती मंडळं. त्यात चौदावी स्लाइड निनादची. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर वाकडी टोपी, हसतोय. उन्मेष तिथे थांबतो, पाण्याचा घोट घेतो आणि म्हणतो, “माझा जिवलग मित्र. वीस वर्षांचा अनुभव. एका फोटोसाठी गाडीतून उतरला. मी गाडीत बसून ओरडत राहिलो, निनाद, मागे फिर.” मग सभागृहात ‘अरेरे’ होतं, आणि त्या ‘अरेरे’च्या खाली एक बारीक खसखस असते. शहाण्या माणसाने केलेला मूर्खपणा ऐकताना लोकांना होते ती. मी ती एकदा मागच्या रांगेत बसून ऐकली. त्यानंतर नऊ वर्षं मी तेवढीच ऐकते आहे.

निनाद फोटोसाठी उतरला नव्हता. हे मला माहीत होतं, जसं घरातल्या माणसाला माहीत असतं तसं. त्याचा कॅमेरा मला परत मिळाला तेव्हा त्यावर झाकण होतं. मी चौकशी अधिकाऱ्याला ते दाखवलं. तो म्हणाला, पडताना बसलं असेल. झाकण असं आपोआप बसतं का हो?

त्या सकाळी दोन गाड्या होत्या. पुढची, पाहुण्यांची, वळणापलीकडे चिखलात रुतली. मागच्या गाडीचा चालक आणि वनरक्षक ती ढकलायला गेले. मागच्या गाडीत निनाद आणि उन्मेष दोघंच उरले. म्हणजे साक्षीदार एकच. प्रेत वाटेपासून साठ पावलांवर, पाण्याच्या कडेला एका काटेसावरीजवळ सापडलं. उन्मेषच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते. गाडीतून वाकून ओरडताना पत्र्याने कापलं, असं तो म्हणाला; निनादला चालकाने आणि वनरक्षकाने उचललं, हा गाडीतच होता.

त्या सहलीला मीही जाणार होते. पाय मोडून घरी बसले, म्हणून माझ्याऐवजी एक पुडकं गेलं. आम्ही सांगलीकर. कृष्णामाईला पूर आला की आमच्या बायका पहिल्यांदा काय करत असतील तर तिची ओटी भरतात. मग एवढी मोठी ब्रह्मपुत्रा, तिला रिकाम्या हाताने कसं भेटायचं? खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. आणि माझ्या आईने प्रयागला केलं होतं तसं वेणीदान. नवऱ्याने बायकोच्या वेणीचं टोक कापून संगमात सोडायचं. निनादने ते स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापलं, चार बोटं, आणि कापताना “टेंडर भरल्यासारखं वाटतंय” म्हणून हसत होता. मी बजावलं, “लांबून फेकू नकोस. पाण्याला हात लावून सोड.” अकरा तारखेच्या संध्याकाळी त्याचा तेजपूरच्या घाटावरून फोन आला. “सोडली गं. अगदी पाण्यात उतरून.” ते आमचं शेवटचं बोलणं. त्याचं मला समाधान होतं, निदान शेवट गोड झाला.

आता त्या यंत्राकडे येते.

पूर येतो तेव्हा पाणी गढूळ असतं. ते गवतात शिरून थबकतं, जड वाळू आधी बसते, मग वर मऊसूत चिकणमाती. पाणी ओसरलं की चार बोटांचा एक थर मागे राहतो. पुढच्या वर्षी त्यावर दुसरा. डब्यात पोळ्या रचाव्यात तसे. जमिनीवर जे काही सांडलेलं असतं, शेण, मूत, थुंकी, रक्त, केस, ते त्या वर्षीच्या थराखाली बंद होतं. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याची ओळख सांगणारा डीएनएचा धागा असतो, आणि तो धागा चिकणमातीच्या कणाला घट्ट धरून बसतो. खाली हवा पोचत नाही, त्यामुळे कुजणं मंदावतं. शास्त्रज्ञांना हे आधीपासून माहीत होतं. तलावांच्या तळातून त्यांनी हजारो वर्षांपूर्वीचे हत्ती वाचून काढले होते. नवं एवढंच झालं की वाचणारं यंत्र चपलेच्या खोक्याएवढं झालं आणि निकाल तीन तासांत यायला लागला.

कहुवाचरला २०४० पासून ‘गाळसफारी’ सुरू झाली. सकाळी सहा पर्यटकांसमोर जमिनीत मनगटाएवढी नळी ठोकतात, मातीचा दांडा बाहेर काढतात, थर मोजतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत सांगतात की अमक्या साली इथून कोण कोण गेलं. गेंडा, पारा हरीण, रानम्हैस, एकदा तर वाघीण आणि दोन बछडे. लोक वेडे झाले. जिवंत वाघ दिसला नाही तरी आता कुणी कुरकुर करत नाही.

माणसांचेही धागे त्यात सापडतात. पण कायद्याने यंत्र ते झाकून ठेवतं, ‘व्यक्ती’ एवढंच दाखवतं. ओळख फक्त त्याचीच पटते, ज्याने आपली थुंकी नमुना म्हणून स्वखुशीने दिली आहे. मृत माणसाच्या बाबतीत जवळच्या नातलगाची सही लागते. पूर्वी येऊन गेलेल्यांसाठी उद्यानाने यातून एक गंमत काढली होती. नमुना द्या, आणि तुमचीच जुनी खूण जमिनीत सापडते का पाहा. सापडली तर एक छापील कागद मिळतो, घरी चौकटीत लावायला.

त्या गंमतीची जाहिरात मी वाचली आणि सबंध दुपार स्वयंपाक केला नाही.

उन्मेषला बोलवायला मी त्याच्या घरी गेले, मुद्दाम भडंग घेऊन. तो केस पांढरे होऊन देखणा झाला होता, याचाही मला राग आला.

“दहाव्या वर्षाच्या निमित्ताने सहल काढतेय,” मी म्हणाले. “तुमचे श्रोतेच न्यायचेत. बारा जण. तुम्ही प्रमुख पाहुणे.”

“वहिनी,” तो म्हणाला, “मी त्यानंतर तिथे पाऊल ठेवलं नाही. सोसायचं नाही. पण तुम्ही मला माफ केलंत, हे पुष्कळ झालं.”

“माफ कशाबद्दल? तुम्ही काही केलंच नव्हतं ना?”

तो पटकन भडंगाकडे वळला. मी गाळसफारीबद्दल सांगितलं. गेंड्यांचे जुने थर, वाघीण, बछडे. उन्मेषला विज्ञान कधी फारसं आवडलं नाही. त्याला गोष्ट आवडते. “व्याख्यानात घालता येईल,” तो म्हणाला. तिथेच तो माझा झाला.

नियोजन मी सात महिने केलं. सफारीत नळी कुठे ठोकायची ती जागा आधी अर्ज करून मागता येते. मी पंचनाम्यातला नकाशा जोडून काटेसावरीचं ठिकाण मागितलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘पतीचं मृत्युस्थान’. परवानगी देणाऱ्या मुलीचं नाव रुनुमी बोरो. उद्यानाच्या प्रयोगशाळेत काम करायची. फोनवर ती हिंदीत म्हणाली, “बाइदेउ, ती जागा चांगली आहे. तिथे पाणी वाहत नाही, नुसतं भरतं आणि उतरतं. थर हलत नाहीत.” बाइदेउ म्हणजे ताई. मी तिला खोटं काही सांगितलं नाही, फक्त सगळं सांगितलं नाही.

*

पोचलो त्या दुपारी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात रुनुमीने नमुने घेतले. बारा पाहुणे वेताच्या खुर्च्यांवर, कपात लाल चहा. ती तिशीची, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं.

“जुनी खूण कुणाला शोधायची आहे?”

सगळे उन्मेषकडे बघायला लागले. तेच पाहिजे होतं. मिरजेचे मगदूम सर, निवृत्त मुख्याध्यापक, उन्मेषच्या व्याख्यानाला अकरा वेळा बसलेले, म्हणाले, “द्या की गुळवणीसाहेब. नऊ सालापूर्वीचं गावतंय होय ह्यात? बघू तरी.”

“मी तर गाडीतून उतरलोच नव्हतो,” उन्मेष हसून म्हणाला. “माझं काय सापडणार?”

“गाडीतून थुंकला असाल,” पाटणकर काकू म्हणाल्या, आणि सगळे हसले. उन्मेषही हसला आणि बारा जणांसमोर नळीत थुंकला. सही केली. तारीख घातली.

मग मी निनादची दाढीची मशीन काढून दिली. ती मी नऊ वर्षं धुतली नव्हती. रुनुमीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि पात्यातले बारीक केस चिमट्याने उचलले. मी नातलगाच्या जागी सही केली.

“तुमचाही नमुना लागेल, बाइदेउ,” ती म्हणाली. “उद्या तुम्ही मातीला हात लावणार. जो हात लावतो त्याचा नमुना आधी घ्यायचा, म्हणजे आजची भेसळ वजा करता येते. जुना धागा आणि ताजा धागा यंत्राला वेगळे कळतात. जुन्याची टोकं झिजलेली असतात, आणि किती झिजली त्यावरून वय निघतं.”

मी निमूट थुंकले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. जळालेल्या गवताच्या काड्यांतून गाडी चालली. डाव्या हाताला एक गेंडा चरत होता, इतका जवळ की त्याच्या कानातले केस दिसत होते. पाहुण्यांनी श्वास रोखले. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उन्मेषकडे पाहत होते.

वळण आलं, आणि धुक्यातून काटेसावर दिसली. एक पान नाही, नुसती लाल फुलं. तिच्यामागे पुराचं मागे राहिलेलं पाणी. उन्मेषने जागा ओळखली. त्याचे दोन्ही हात आपोआप एकमेकांवर आले, कोपरापर्यंत, जुन्या ओरखड्यांवर.

“वहिनी, इथे नको.”

“का?”

“माझ्याच्याने बघवत नाही.”

“तुम्ही गाडीतच बसा,” मी म्हणाले. “तेव्हाही बसला होतात.”

वनरक्षकाने बंदूक खांद्यावरून हातात घेतली, चारी बाजू पाहिल्या आणि सहा जणांना उतरायची खूण केली. बाकीचे गाडीत उभे राहून बघत होते. उन्मेष उतरला नाही. रुनुमीने झाडाच्या बुंध्यापासून तीन पावलांवर नळी ठोकली. काटेसावरीचा बुंधा कोवळा असताना त्यावर अंगठ्याएवढे काटे असतात. हिच्यावर ते आता बोथट होत चालले होते. मी त्यांच्यावरून हात फिरवला. कोपरापर्यंत ओरखडे पडायला असे काटे मिठीत घ्यावे लागतात. माझ्या मनात तेव्हाच निकाल लागला होता. यंत्राने फक्त तो छापायचा होता.

मातीचा दांडा बाहेर आला, राखी, त्यावर फिकट पट्टे. रुनुमीने वरून मोजलं. एकेचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. नवव्या थराखाली तिने सुरीने खूण केली. “ही तेहतीस सालच्या फेब्रुवारीची जमीन,” ती म्हणाली. “जूनच्या पुराने झाकली.”

तळहातावर मावेल एवढी माती. मी तिला हात लावला. थंड होती आणि वास काहीच नव्हता.

*

एक वाजता व्हरांड्यात पानं मांडली होती. भात, डाळ, माशाचं आंबट कालवण, आणि आमच्या लोकांनी बरोबर आणलेली शेंगदाण्याची चटणी. रुनुमीने मला बाजूला बोलावलं. तिच्या हातात कागद होता.

“बाइदेउ, तुम्ही पूर्वी इथे आला होता?”

“नाही. पहिल्यांदाच.”

“मला वाटलं आजची भेसळ असेल. पण हे ताजं नाही. टोकं झिजलेली आहेत. नऊ वर्षांची. आणि केसांचं आहे.” ती माझ्या वेणीकडे पाहत होती. “मला कळत नाही.”

मला कळलं. कागदावर जनावरांच्या खाली तीन ओळी होत्या.

व्यक्ती अ: निनाद ओझरकर. रक्त.
व्यक्ती ब: उन्मेष गुळवणी. रक्त.
व्यक्ती क: हेमांगी ओझरकर. केस.

सोडली गं, अगदी पाण्यात उतरून. त्याने घाटावर ओटी सोडलीच नव्हती. राहून गेली असेल, पाहुण्यांच्या गडबडीत. फोनवर मला बरं वाटावं म्हणून थाप मारली, उद्या सोडू म्हणून. आणि उद्या सहलीचा शेवटचा दिवस होता. गाडी थांबलेली, साठ पावलांवर ब्रह्मपुत्रेचंच पाणी, खिशात माझं पुडकं. लांबून फेकू नकोस, पाण्याला हात लावून सोड. तो माझ्यासाठी उतरला.

मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. पण मागे व्हरांड्यात उन्मेष कुणाला तरी कालवण वाढत होता आणि त्याचा तो भरदार आवाज येत होता. रडायला नंतर सगळं आयुष्य होतं. मी कागद तिसऱ्या ओळीच्या वर दुमडला.

“मंडळी,” मी पायरीवर उभं राहून म्हणाले, “जुनी खूण सापडली. काटेसावरीच्या बुंध्याशी, वाटेपासून साठ पावलांवर, तेहतीस सालच्या जमिनीत दोन माणसांचं रक्त आहे. एक निनादचं. दुसरं गुळवणीसाहेबांचं.”

काही क्षण चमचे चालू राहिले. मग एकेक थांबला. मगदूम सरांनी घास ताटात परत ठेवला. “पण साहेब,” ते हळू म्हणाले, “तुम्ही तर गाडीत हुता.”

उन्मेष उभा होता, हातात पळी. पाटणकर काकूंनी आपलं ताट थोडं स्वतःकडे ओढून घेतलं, त्याची पळी लागू नये म्हणून. एवढीशी हालचाल. त्याने ती पाहिली, आणि मी त्याला ती पाहताना पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

*

विश्रामगृहामागे पुराचा बांध आहे. मी त्यावर जाऊन उभी राहिले. तो मागून आला.

“वहिनी.”

“वहिनी म्हणू नकोस,” मी म्हणाले. वीस वर्षांत त्याला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं.

तो सगळं एकदम बोलला. निनाद म्हणाला दोन मिनिटांत येतो. एकट्याने जाऊ नये म्हणून तोही उतरला. निनाद पाण्याशी वाकला तेव्हा गवतातून मादी आली, मागे पिल्लू. उन्मेष झाडावर चढला. निनादला चढायला वेळ मिळाला नाही.

“ती गेली कधी?”

“लगेच.”

“आणि तो?”

तो बांधाकडे बघत म्हणाला, “तो हाक मारत होता.”

“किती वेळ?”

“घड्याळ नाही पाहिलं.”

“तू कधी उतरलास?”

“चालकाचा आवाज आला तेव्हा. ते यायच्या आधी धावत गाडीत जाऊन बसलो.”

खाली शेतात कुणीतरी मोहरी कापत होतं. मला वाटलं होतं हे ऐकल्यावर माझ्यातला राग संपेल. संपला नाही. उलट त्याला आता बसायला जागा मिळाली.

“पण तुम्ही कागद दुमडलात तो मी पाहिला. तिसरी ओळ तुमचीच असणार,” उन्मेष म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी ताकद परत आली होती. “तुमची वेणी तिथेच पडली. मला माहीत होतं. तो कशासाठी उतरला हे मी कुणाला सांगितलं नाही. कॅमेऱ्याचं नाव घेतलं. तुम्ही स्वतःला दोष देत जन्म काढला असतात. मी नऊ वर्षं ते गिळलं, वहिनी. तुमच्यासाठी.”

त्याचा यावर खरंच विश्वास होता. तेच भयंकर होतं. त्याने आपल्या पळपुटेपणाला माझ्या काळजीचं पांघरूण घातलं होतं, आणि त्याखाली तो नऊ वर्षं ऊबेत झोपला होता.

“सांगायचं होतंस,” मी म्हणाले. “मी रडले असते. स्वतःला शिव्या दिल्या असत्या. पण साडेतीनशे सभागृहांत तो हास्यास्पद झाला नसता. बायकोचं एक खुळं वचन पाळायला गेलेल्या माणसावर कुणी हसत नाही, उन्मेष. तू माझी लाज नाही झाकलीस. तुझी झाकलीस, आणि पांघरूण त्याच्या अंगावरचं ओढलंस.”

तो म्हणाला, “मग आता तुम्ही तरी काय वेगळं केलंत? तुम्हीही कागद दुमडलातच.”

हे खरं होतं. खरं असल्यामुळे अंगाला झोंबलं. पण झोंबता झोंबता मला लख्ख दिसलं की त्याच्याकडे आता एवढंच उरलंय. ती दुमडलेली ओळ. ती त्याच्या खिशात असेपर्यंत तो घरी जाऊन आरशात बघू शकणार होता.

मी परत व्हरांड्यात गेले. कुणी जेवत नव्हतं. मी कागद उलगडला.

“एक ओळ मी मघाशी वाचली नाही. तिसरी व्यक्ती मी आहे. माझे केस.” आणि मी सगळं सांगितलं. ओटी, वेणी, कात्री, फोन. तो फोटोसाठी नव्हे, माझ्या हट्टासाठी उतरला हे सांगितलं. उन्मेष झाडावर होता आणि खालून हाक येत होती, हेही सांगितलं.

रुनुमीसाठी काकू मोडक्या हिंदीत सांगत होत्या. तिने ऐकलं आणि संकोचून म्हणाली, “बाइदेउ, ब्रह्मपुत्राला आम्ही बाई मानत नाही. तो ब्रह्मदेवाचा मुलगा. त्याला ओटी नसते.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी हसले. निनादला हे ऐकायला फार आवडलं असतं. मग मात्र मला पायरीवर बसावं लागलं आणि मी रडले. काकू शेजारी येऊन बसल्या. त्या मला दोष देतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी माझी वेणी नीट पाठीवर घेतली, एवढंच.

उन्मेष दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आता झाकायला काही नव्हतं. मी डोळे पुसून त्याला म्हणाले, “व्याख्यान बंद करायचं नाही. चौदावी स्लाइड तशीच ठेवायची. पंधरावी मी देते.” आणि तो कागद त्याच्या हातात ठेवला.

*

तो नाही म्हणू शकत होता. पण परतल्यावर आठवडाभरात ती गोष्ट सांगलीपासून मिरजेपर्यंत पोचली. मगदूम सरांनी त्यात हात आखडता घेतला नाही. ठरलेली व्याख्यानं रद्द करायची तर कारण सांगावं लागलं असतं. उन्मेषला कारण सांगण्यापेक्षा मंचावर उभं राहणं सोपं वाटलं असावं. मी त्याचं पुढच्या वर्षाचं वेळापत्रक मागून घेतलं आणि माझ्या सहली त्याच्या तारखा सोडून लावल्या.

पहिलं व्याख्यान एका वाचनालयात झालं. खुर्च्या कमी पडल्या. मी पहिल्या रांगेत, मध्ये. चौदावी स्लाइड आली. वाकडी टोपी, हसतोय. उन्मेषने पाण्याचा घोट घेतला. मग पंधरावी आली, आणि तो वाचायला लागला.

“व्यक्ती अ, निनाद ओझरकर, रक्त. व्यक्ती ब, उन्मेष गुळवणी, रक्त.” तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तेच जुनं मवाळ औदार्य होतं, आणि त्याचं बोट पुढच्या स्लाइडच्या बटणावर होतं.

मी उठून उभी राहिले.

“तिन्ही ओळी वाच,” मी म्हणाले.

उन्मेषने बटणावरचं बोट काढलं आणि तिसरी ओळ वाचली. मी बसले, आणि पुढची तारीख कधीची आहे ते वहीत पाहिलं.